आधी षड्ज शोधा : गायन ऐकू लागणाऱ्यांसाठी

गाणे शिकायला येणाऱ्यांइतकेच गाणे नीट ऐकायला शिकू इच्छिणारे लोक अलीकडे मला भेटतात. त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : 'सुरुवात कुठून करू?' या प्रश्नावर त्यांना कुणीतरी आधीच पन्नास गायकांची नावे लिहून दिलेली असतात. ती यादी घेऊन दोन-तीन संध्याकाळी घालवल्यावर सगळे आलाप सारखेच वाटू लागतात आणि माणूस आपल्याला गाण्यातले कळत नाही असे ठरवून मोकळा होतो. माझ्या मते त्याला कळत नाही असे नसते. त्याने एका वेळी फार गोष्टी ऐकायला घेतलेल्या असतात, एवढेच.

म्हणून या लेखात मी मोजकीच गाणी सुचवणार आहे. ती सगळी माझ्या फार आवडीची आहेत आणि गायिका म्हणून मी वर्षानुवर्षे त्यांच्याकडे परत जात आले आहे. प्रत्येक गाण्याबरोबर कानाला एकच काम दिले आहे. एका गाण्याला किमान एक आठवडा द्यावा आणि त्या आठवड्यात ते दहा वेळा तरी ऐकावे. पहिल्या खेपेला काहीही शोधू नये, नुसते ऐकावे. साधने थोडीच लागतात : कानाला घट्ट बसणारा बरा हेडफोन, एक वही आणि मोबाइलवर तानपुऱ्याचे एखादे अ‍ॅप. रागाविषयीची माहिती मात्र आधी वाचू नये, कारण वाचलेले ऐकू येऊ लागते आणि प्रत्यक्ष वाजणारे निसटते.

पहिली पायरी : षड्ज

आपल्या संगीतात कोणताही स्वर एकटा ऐकू येत नाही. तो षड्जापासून, म्हणजे आधारस्वर 'सा'पासून, किती अंतरावर आहे यावरून त्याला नाव मिळते आणि त्याचा भावही त्यावरूनच ठरतो. त्यामुळे गाणे लागल्याबरोबर गायकाचा कान सर्वांत आधी 'सा' शोधतो. हे काम सवयीचे आहे आणि ते कुणालाही जमते.

यासाठी मी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी, 'पिया बिन नाही आवत चैन', निवडते. खाँसाहेब किराना घराण्याचे. त्यांचे दीर्घ वास्तव्य मिरजेत होते आणि 1937 साली त्यांचे निधन झाले. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला त्या काळी जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. लहानग्या भीमसेन जोशींनी गदगला एका दुकानात याच ठुमरीची तबकडी ऐकली आणि पुढे वयाच्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडले, ही गोष्ट मराठी श्रोत्यांना ठाऊक असतेच. ध्वनिमुद्रण जुने असल्याने प्रथम खरखर जाणवेल आणि आवाज फार बारीक, चढा वाटेल. दोन दिवसांत कान त्या खरखरीच्या पलीकडे जातो. मग लक्षात येते की हा आवाज स्वरावर टेकतो तेव्हा जराही हलत नाही, आणि तरीही त्यात ताठरपणा नाही.

आता कृती अशी करावी. गाणे सुरू करावे, मध्येच कुठेतरी अचानक बंद करावे आणि ज्या स्वरावर सगळे थांबेल, विसावेल असे वाटते तो स्वर स्वतः गुणगुणावा. पुन्हा गाणे सुरू करून तो जुळतो का ते पाहावे. पहिल्या दिवशी दहापैकी तीन वेळा जुळला तरी पुरे. बऱ्याच जणांचा 'सा'ऐवजी पंचम, म्हणजे 'प', लागतो. ती चूकही चांगली आहे, कारण पंचम हा षड्जाचा सर्वांत जवळचा सोबती आहे आणि तानपुऱ्याची पहिली तार बहुधा त्याच स्वरात मिळवलेली असते. माझ्या गुरूंनी मला महिनाभर हेच करायला लावले होते. ते स्वयंपाकघरातून ओरडून 'सा?' असे विचारत आणि मी बाहेरच्या खोलीत तबकडीची सुई उचलून षड्ज लावत असे. त्या वेळी मला ते कंटाळवाणे वाटे. आज मैफलीत बसल्यावर पहिल्या क्षणी माझा कान आपोआप जिथे जातो, ती जागा त्या महिन्याने घडवली.

एक व्यावहारिक सूचना येथेच देते. जुन्या तबकड्या वेगवेगळ्या गतीने वाजवून इंटरनेटवर चढवल्या गेल्या आहेत, त्यामुळे एकच गाणे एका ठिकाणी काळी चारमध्ये, तर दुसरीकडे जवळपास पांढरी पाचमध्ये (हार्मोनियमवरच्या पट्ट्यांची ही नावे) ऐकू येऊ शकते. म्हणून पट्टीचे नाव पाठ करण्याला अर्थ नाही. दर वेळी षड्ज कानानेच शोधावा आणि मग तानपुऱ्याचे अ‍ॅप त्याला जुळवून घ्यावे.

दुसरी पायरी : शब्द आणि श्वास

येथे मराठी श्रोत्याला मोठी सोय आहे, कारण त्याने भावगीते आणि अभंग लहानपणापासून ऐकलेले असतात. 'गीतरामायण' घ्यावे. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून त्याचे प्रसारण सुरू झाले आणि आठवड्याला एक याप्रमाणे त्यातली 56 गीते प्रसारित झाली. त्यांतले 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा' हे फडके यांच्या आवाजात ऐकावे.

गीताचे शब्द वहीत उतरवून घ्यावेत आणि जिथे गायक श्वास घेतो तिथे पेन्सिलीने छोटी उभी रेघ मारावी. श्वास ऐकू येत नाही, तो बारीकशा थांब्यावरून ओळखावा लागतो. दोन-तीन कडवी झाली की दिसू लागते की रेघा अर्थाच्या जोडावर पडल्या आहेत, शब्दाच्या पोटात त्या जवळपास कुठेच नाहीत. गाताना श्वास कमी पडला की आपण सामान्य माणसे शब्द मधोमध तोडतो. येथे ओळ म्हणताना ती कुठे संपवायची हे गायकाने आधीच ठरवलेले असते. त्यानंतर लता मंगेशकरांनी गायलेले, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेले ज्ञानेश्वरांचे 'मोगरा फुलला' घ्यावे आणि हीच कृती करावी. पेन्सिल कितीतरी वेळ हवेतच राहते. मी स्वतः हे गाणे बसवले तेव्हा मला जाणवले की श्वास लपवणे ही फुप्फुसांइतकीच मनाच्या स्वस्थतेची गोष्ट आहे, कारण घाई झाली की तो लपत नाही.

पंडित भीमसेन जोशींचा 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' हा नामदेवांचा अभंग याच आठवड्यात ऐकून घ्यावा. त्याची चाल राम फाटक यांची आहे. शास्त्रीय गायकाचा श्वास केवढा असतो आणि त्या श्वासात तो शब्द कसा उचलतो, हे दाखवणारे यापेक्षा परिचित उदाहरण मला सुचत नाही. 'विठ्ठल' हा शब्द किती वेळा येतो आणि दर वेळी त्याचे वजन कसे बदलते एवढेच पाहावे. हा अभंग अहिर भैरव रागात आहे, ही माहिती फक्त वहीच्या समासात टिपून ठेवावी. पुढे कधी हा राग ख्यालात, म्हणजे शास्त्रीय गायनाच्या मुख्य प्रकारात, भेटला की ओळखीचा माणूस परगावी भेटल्यासारखे वाटेल.

तिसरी पायरी : राग आणि ताल एकत्र

ही पायरी मोठी आहे आणि तिला दोन-तीन आठवडे द्यावेत. राग भूप घ्यावा. त्यात सा, रे, ग, प, ध असे पाचच स्वर आहेत. मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य आहेत, म्हणजे लागत नाहीत. पाच स्वर असल्याने नवख्या कानाला तो लवकर धरता येतो आणि सोपा आहे म्हणून मोठे गायक त्याला टाळत नाहीत.

आधी 'सुजन कसा मन चोरी' हे पद ऐकावे. ते खाडिलकरांच्या 1916 सालच्या 'स्वयंवर' नाटकातले आहे. भास्करबुवा बखले यांनी त्याला चाल दिली आणि रुक्मिणीच्या भूमिकेतल्या बालगंधर्वांनी ते घरोघरी पोचवले. या पदामुळे भूपाचा चेहरा लक्षात राहतो. ते तोंडपाठ होईपर्यंत ऐकावे, शक्य तर स्वतः म्हणावे. आवाज चांगला नाही ही अडचण येथे गैरलागू आहे. गळ्यातून गेलेला स्वर कानाला जास्त ओळखीचा होतो, म्हणून म्हणायचे.

मग गानसरस्वती किशोरी आमोणकर यांचा भूप लावावा : विलंबित (संथ लयीतला) 'प्रथम सुर साधे' आणि त्यानंतर द्रुत (जलद) 'सहेला रे'. पहिले काही दिवस फक्त सुरुवातीची पाच-सात मिनिटे ऐकावीत. कानाने गंधारावर (ग) लक्ष ठेवावे. गंधार हा भूपाचा वादी स्वर, म्हणजे रागाचा जीव त्यात आहे. किशोरीताई त्या गंधारावर येण्यापूर्वी काय करतात ते पाहा. कधी ऋषभावर (रे) जरा रेंगाळून त्या हळूच वर सरकतात, तर कधी पंचमाकडून खाली उतरतात. असे उतरताना वाटेतला मध्यम वर्ज्य असतो, त्यामुळे पंचम आणि गंधार यांच्या मधली जागा त्यांना न तोडता, पण मध्यमाला न दुखवता ओलांडावी लागते. या मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकण्यात, स्वर दिसतो तो पोचल्यानंतर, मात्र त्याची चाहूल आधीच लागलेली असते. मी हा भूप किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही, तरी हे उतरणे आले की हातातले काम थांबते. एकाच गंधाराचे इतके वेगवेगळे अर्थ असू शकतात हे मला शब्दांत कुणी समजावले असते, तर पटले नसते.

या विलंबितातून 'सहेला रे'कडे आल्यावर कानाचे काम बदलावे आणि ताल धरावा. हा द्रुत ख्याल त्रितालात आहे. सोळा मात्रा, म्हणजे सोळा ठोके, चार-चार मात्रांचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात. हे सर्वांना सांगितले जाते आणि तरीही नवख्यांचा ताल चुकतो, कारण ते गायकाच्या आवाजाकडे पाहून मोजतात. त्यांनी डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या घुमणाऱ्या वाद्याकडे, कान द्यावा. त्रितालाचा प्रचलित ठेका असा आहे : धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. यातल्या दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याची घुमार नाहीशी होते, फक्त तबल्याचा कोरडा, चाटीचा आवाज राहतो. चौदाव्या मात्रेला 'धिं' आला की घुमार परत येते आणि तिथून पुढे तिसऱ्या पावलावर सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, असते. म्हणजे समेची वर्दी तीन मात्रा आधीच मिळते. हातावर मोजण्याऐवजी घुमार गेली, घुमार आली, असे ऐकत राहावे. तीन-चार आवर्तनांनंतर आपली मान आपोआप समेवर हलू लागते आणि गायिका मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलून त्याच जागी कशी येते, ते मजेत पाहता येते. एखादी तान समेपर्यंत कशी पोचणार याची काळजी वाटू लागली, तर समजावे की ताल धरला गेला आहे.

घराण्यांचा विषय येथे थोडक्यात आटोपते. किराना घराण्यात स्वराची आराधना आणि अतिविलंबित लय यांना मोठे स्थान आहे. तिथे बडा, म्हणजे विलंबित, ख्याल बहुधा बारा मात्रांच्या एकतालात ऐकू येतो. जयपूर-अत्रौली घराण्यात लय काहीशी चढी, ताल बहुधा त्रिताल आणि स्वरांची वीण लयीशी बांधलेली असते. सुरुवातीला याहून जास्त जाणून घ्यायची गरज नाही. घराण्यांच्या वादात नवख्या श्रोत्याने तर मुळीच पडू नये.

चौथी पायरी : दडवलेला षड्ज

पहिल्या पायरीत शोधायला शिकलेला षड्ज आता हरवलेला ऐकायचा आहे. त्यासाठी इंदूरचे उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा घ्यावा. विलंबित 'पिया मोरे अनत देस', द्रुत 'गुरु बिन ग्यान न पावे'. अमीर खाँ विलंबित ख्यालासाठी चौदा मात्रांचा झूमरा ताल विशेष पसंत करत आणि त्यांची लय इतकी संथ असे की पहिल्या ऐकण्यात तालाचा शोध सोडून दिलेलाच बरा.

मारवा हा सूर्यास्ताच्या सुमाराचा राग. त्यात पंचम नाही, ऋषभ कोमल (उतरलेला) आणि मध्यम तीव्र (चढवलेला) आहे. पंचम नसल्याने तानपुऱ्याची पहिली तार बहुधा निषादात मिळवतात. रागाचा सगळा भार कोमल ऋषभ आणि धैवत (ध) यांच्यावर असतो आणि षड्ज गायक सतत टाळत राहतो. तानपुरा मागे षड्ज म्हणतच असतो, परंतु गायकाचा आवाज त्याच्या शेजारून जातो : निषादावरून सरळ ऋषभाला, ऋषभावरून परत निषादाला आणि धैवताला. श्रोत्याचा कान आता षड्जाचा सराव झालेला असल्याने तो त्या स्वराची वाट पाहू लागतो आणि ते वाट पाहणे म्हणजेच मारवा. ज्याने पहिल्या पायरीचा आठवडा प्रामाणिकपणे काढला आहे, त्याला येथे छातीत किंचित ओढ जाणवेल. ज्याने तो टाळला, त्याला हे गाणे नुसतेच गंभीर आणि लांबलेले वाटेल. माझ्या विद्यार्थ्यांमध्ये हा फरक मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता मी पहिला आठवडा कुणालाच माफ करत नाही.

ऐकताना खोलीत दुसरे काही चालू ठेवू नये, शक्य तर दिवा मंद करून दिवेलागणीलाच बसावे. अमीर खाँ आवाज मोठा करत नाहीत, खर्जाकडे, म्हणजे खालच्या सप्तकाकडे, जास्त राहतात आणि दोन वाक्यांच्या मध्ये बराच वेळ गप्प असतात. त्या शांततेत तानपुरा ऐकावा. बऱ्याच वेळाने ते षड्जावर येतात तेव्हा घड्याळ पाहू नये. तो स्वर किती वेळ टिकतो आणि त्यानंतर ते पुन्हा कुठे निघतात, एवढेच पाहावे. गायिका म्हणून मला या ध्वनिमुद्रणाने एक गोष्ट शिकवली. जो स्वर गायचा नाही त्याचाही रियाज करावा लागतो, कारण तो मनात पक्का असल्याशिवाय त्याला इतका वेळ सुरेल टाळता येत नाही.

पाचवी पायरी : एकच शब्द, दोन गाणी

ही पायरी तुलनेने हलकी आहे आणि मारव्यानंतर ती बरी वाटते. 'कट्यार काळजात घुसली' या 1967 सालच्या नाटकात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन निरनिराळ्या चालींत आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे शब्द, पंडित जितेंद्र अभिषेकींचे संगीत. एक चाल नाटकातल्या पंडितजींची, शांत आणि आर्जवी. दुसरी नाटकातल्याच खाँसाहेबांची, जलद आणि तानांनी भरलेली. खाँसाहेबांच्या भूमिकेतल्या वसंतराव देशपांड्यांच्या आवाजात ही दुसरी चाल ऐकावी. दोन्ही एकामागोमाग ऐकून 'मकरंद' या शब्दावर काय घडते ते वहीत चार ओळींत लिहावे. चांगली कोणती हे लिहू नये. शब्द तेच असताना आपल्या मनात उभा राहणारा माणूस कसा बदलला, ते लिहावे.

शेवटची पायरी : मैफल

ध्वनिमुद्रणांवर दोन-तीन महिने काढल्यावर प्रत्यक्ष मैफलीला जावे. पुण्यात 1953 पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरमध्ये असतो. मिरजेच्या दर्ग्यात उरुसानिमित्त अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. गोव्यात केसरबाई केरकर यांच्या नावाने समारोह होतो. तरी पहिली मैफल एखाद्या गावातल्या म्युझिक सर्कलची, शंभर-दीडशे माणसांची असावी असे मला वाटते. तिथे गायकाचा चेहरा दिसतो आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार, ध्वनिवर्धकाशिवायही ऐकू येते.

वेळेच्या वीस मिनिटे आधी पोचावे, कारण तानपुरे जुळवताना ऐकणे हा मैफलीचाच भाग आहे. तार षड्जाला भिडते तेव्हा तिच्यातला थरथराट मिटतो; तो क्षण पकडता आला पाहिजे. गायकाने पहिला आकार लावण्यापूर्वी आपण मनात षड्ज धरलेला असावा. दाद हळू आवाजात आणि जागच्या जागी द्यावी. ख्याल चालू असताना टाळ्या वाजवू नयेत आणि मोबाइलवर चित्रण करू नये, कारण पडद्याकडे पाहणारा कान अर्धाच असतो. विलंबितात कंटाळा आला तर डोळे मिटून डग्ग्याकडे जावे, तिथून परत गाण्याकडे येता येते.

मैफल बहुधा भैरवीने संपते आणि भैरवीपर्यंत थांबावे. तिची तयारी म्हणून गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी घरी ऐकून जावी. 1977 साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर पाठवलेल्या सुवर्ण तबकडीवर हीच भैरवी आहे. साडेतीन मिनिटांच्या या ध्वनिमुद्रणात आवाजाचा मोकळा, भरदार आकार एकदाही आवळला जात नाही, आणि एक वाक्य संपून दुसरे सुरू होते ती जागा सापडवणे दुसऱ्या पायरीतल्या पेन्सिलीलाही कठीण जाते.

मैफल संपल्यावर घरी परतताना, रिक्षात किंवा बसमध्ये, त्या गायकाचा षड्ज हलकेच गुणगुणून पाहावा आणि घरी पोचल्यावर तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर तो कोणत्या पट्टीत आहे ते तपासून तारखेसह वहीत लिहून ठेवावे.